हेक्झेन : तेलाच्या कारखान्यातील एक ज्वालाग्राही द्रव

बैलाच्या घाण्यातून निघालेल्या पेंडीत शेकडा दहा भागांच्या आसपास तेल राहून जाते. यांत्रिक दाबयंत्र, म्हणजे एक्स्पेलर, हे प्रमाण सहा ते आठ भागांपर्यंत खाली आणते. परंतु त्यापुढे कितीही दाब दिला तरी फारसा उपयोग होत नाही. सोयाबीनच्या बियांत मुळातच अठरा ते वीस टक्के तेल असते. भाताच्या कोंड्यातही साधारण तेवढेच असते, आणि तो दाबून तेल काढणे व्यवहारात जमत नाही. ज्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आजही बाहेरून आणावे लागते, त्या देशाला पेंडीत आणि कोंड्यात अडकलेले हे तेल सोडून देणे परवडणारे नाही. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, पंजाब, आंध्र प्रदेश अशा अनेक राज्यांत विद्रावकाच्या साहाय्याने तेल काढणारे कारखाने उभे राहिले ते या गरजेतून. या धंद्यातील कारखानदारांची अखिल भारतीय संघटना १९६३ साली मुंबईत स्थापन झाली, यावरून हा उद्योग किती जुना आहे याची कल्पना येईल. या कारखान्यांत वापरला जाणारा विद्रावक म्हणजे हेक्झेन होय.

हेक्झेन हा पेट्रोलियमपासून मिळणारा, पाण्यासारखा स्वच्छ व बिनरंगी द्रव आहे. सहा कार्बन अणूंची सरळ साखळी आणि तिला जोडलेले चौदा हायड्रोजन अणू अशी त्याच्या रेणूची रचना असते. बाजारात जे हेक्झेन मिळते ते मात्र एकच एक द्रव्य नसते. त्यात सरळ साखळीचे हेक्झेन साधारणपणे निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक असते. उरलेला भाग फांद्या फुटलेल्या साखळीच्या व वलयाकार भावंडांचा असतो. हा तपशील वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण पुढे कामगाराच्या प्रकृतीचा विचार करताना त्याला फार महत्त्व येते.

कारखान्यातील क्रिया समजून घेण्यास अवघड नाही. बी स्वच्छ करून भरडतात, वाफेने मऊ करतात आणि रुळांमध्ये दाबून त्याचे कागदासारखे पातळ पोहे करतात. या पोह्यांवर निष्कर्षक यंत्रात ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाचे हेक्झेन पुन्हा पुन्हा फवारले जाते. हेक्झेनमध्ये तेल विरघळते, प्रथिने व चोथा विरघळत नाही. तेल व हेक्झेन यांचे मिश्रण एका बाजूने बाहेर पडते. ते तापवून हेक्झेन उडवून लावतात व थंड करून पुन्हा वापरतात. दुसऱ्या बाजूने भिजलेली पेंड बाहेर पडते. तिच्यातून वाफ सोडून हेक्झेन काढून घेतात. अशा पेंडीत अखेर एक टक्का किंवा त्याहूनही कमी तेल उरते. कागदावर पाहिले तर हे एक बंद वर्तुळ आहे आणि हेक्झेन त्यात सतत फिरत राहते. प्रत्यक्षात त्यातले थोडे हेक्झेन रोज कोठून तरी निसटते: थोडे पेंडीबरोबर, थोडे तेलाबरोबर, थोडे सांडपाण्यातून, तर थोडे झिजलेल्या गॅस्केटमधून. दर टन मालामागे किती लिटर हेक्झेन कमी भरले याचा हिशेब प्रत्येक कारखाना ठेवतो. हा हिशेब लेखापालाकडे खर्चाचा म्हणून जातो. वास्तविक तो सुरक्षा अधिकाऱ्याने आधी वाचावयास हवा.

इतक्या सहज पेटणाऱ्या द्रवाचीच निवड का केली गेली, असा प्रश्न कोणाही श्रोत्याच्या मनात येणे साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये या कामासाठी कार्बन डायसल्फाइड वापरण्यास आरंभ झाला. ते विषारी होतेच, शिवाय वाफेच्या साध्या नळीच्या उष्णतेनेही पेट घेई. त्यानंतर बेंझीन आले. त्याचा परिणाम रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर होतो. मग न पेटणारा विद्रावक म्हणून ट्रायक्लोरोएथिलीनकडे लोक वळले. आगीचा प्रश्न त्याने बव्हंशी सोडविला, परंतु त्याने काढलेली सोयाबीनची पेंड खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. स्कॉटलंडमध्ये हा अनुभव १९१६ सालीच नोंदविला गेला होता. असे असूनही १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत तोच प्रयोग पुन्हा झाला आणि पुन्हा गुरे मेली. तेव्हा कोठे तो सोडून देण्यात आला. हेक्झेनचा उत्कलनबिंदू ६९ अंशांच्या आसपास, म्हणजे सोयीचा आहे. ते उडविण्यास उष्णता थोडी लागते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलाचा स्वाद बिघडवीत नाही आणि धातूला खात नाही. हे सर्व गुण एका बाजूला आणि ज्वालाग्राहीपणा दुसऱ्या बाजूला, असा तो सौदा आहे.

आता या ज्वालाग्राहीपणाकडे वळू. द्रव स्वतः जळत नाही. जळते ते त्याचे हवेत मिसळलेले बाष्प. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतके बाष्प जमते त्याला प्रज्वलनांक म्हणतात. कारखान्यात ‘फ्लॅश पॉइंट’ हाच शब्द रूढ आहे. रॉकेलचा प्रज्वलनांक ३५ अंशांच्या वर असतो, म्हणून बशीत ओतलेल्या थंड रॉकेलवर काडी धरली तरी ते लगेच भडकत नाही. हेक्झेनचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे २२ अंश आहे. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीतही ते पेटेल, मग नागपूरच्या उन्हाळ्याची गोष्ट बोलावयासच नको. पेट्रोलियमविषयक नियमांनी २३ अंशांखाली प्रज्वलनांक असलेले सर्व द्रव ‘अ’ वर्गात घातले आहेत. हेक्झेन त्या रेषेच्या किती खाली आहे ते यावरून दिसते.

बाष्प व हवा यांचे प्रमाणही ठरलेले असते. हवेत हेक्झेनचे बाष्प शेकडा १.१ भागांहून कमी असेल तर मिश्रण पेटत नाही, आणि साडेसात भागांहून अधिक असेल तरीही पेटत नाही. एक लिटर हेक्झेनचे वजन सुमारे ६६० ग्रॅम असते. ते संपूर्ण उडाले तर सुमारे १८५ लिटर बाष्प होते. हे बाष्प हवेत समप्रमाणात पसरले असे मानले, तर जवळजवळ १७ घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी खोली भरून टाकण्यास एक लिटरचा एक डबा पुरतो. कारखान्यात मात्र हेक्झेन टनांनी फिरत असते.

वरच्या मर्यादेविषयी एक गैरसमज फार प्रचलित आहे. साधारण २० अंश तापमानाला बंद पिंपातील हेक्झेनवरच्या मोकळ्या जागेत बाष्पाचे प्रमाण शेकडा सोळाच्या घरात असते. ते साडेसातच्या वर असल्याने भरलेल्या पिंपाच्या आत स्फोट होत नाही, हे खरे. यावरून ‘दाट बाष्प सुरक्षित’ असे समीकरण काही जण मांडतात. परंतु पिंप रिकामे केले, झाकण उघडे राहिले, थोडी हवा आत शिरली की तेच दाट मिश्रण पातळ होत होत पेटण्याच्या कक्षेतून जाते, आणि त्या कक्षेत किती वेळ रेंगाळेल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्या पिंपाचे भय अधिक बाळगावे लागते. असे पिंप कापून त्याची टाकी करण्यासाठी एखादा वेल्डर बोलावला जातो, तेव्हा तळाशी राहिलेला पेलाभर द्रव कोणाच्या गणतीत नसतो.

हेक्झेनचे बाष्प हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ते वर चढत नाही. जमिनीलगत पसरते, उतार शोधते, खड्ड्यात आणि गटारात साचते. छताला मोठे पंखे बसवून व खिडक्या उंचावर ठेवून वायुवीजन झाले असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नसते. या जडपणाचा परिणाम केवढा होऊ शकतो हे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहराने १३ फेब्रुवारी १९८१ रोजी पाहिले. तेथील सोयाबीनच्या एका कारखान्यातून हजारो गॅलन हेक्झेन शहराच्या भुयारी गटारात गेले होते. पहाटे सव्वापाचच्या सुमारास दोन स्त्रिया मोटारीने कामावर निघाल्या होत्या. गटाराच्या झाकणावरून त्यांची मोटार जात असताना, तिच्याच एखाद्या ठिणगीने, खालचे बाष्प पेटले. त्या वेळी पोलिसांचे एक हेलिकॉप्टर आकाशात होते. रस्त्याच्या ओळीने एकामागून एक होणारे स्फोट त्यातून दिसले. विमानातून बाँब टाकीत जावे तसे ते दृश्य होते. दोन मैलांहून अधिक लांबीचे गटार उद्ध्वस्त झाले आणि जेथे झाकणे होती तेथे विवरे पडली. वेळ पहाटेची होती, रस्ते रिकामे होते, म्हणून काही जण जखमी होण्यावर निभावले व कोणी दगावले नाही. आणखी दोन-तीन तासांनी मुले शाळेत जाण्याच्या वेळी हे घडले असते तर काय झाले असते, हे वेगळे सांगावयास नको. दुरुस्तीला सुमारे वीस महिने लागले. कंपनीने प्रारंभी जबाबदारी नाकारली. पुढे मात्र पर्यावरणविषयक कायद्याच्या उल्लंघनाचे चार आरोप मान्य केले. त्यासाठी तिला दंड झाला ६२,५०० डॉलर. दुरुस्तीच्या खर्चाशी व लोकांच्या नुकसानीशी या रकमेची तुलनाच होऊ शकत नाही.

येथे मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराचाही उल्लेख करावा लागतो, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. २२ एप्रिल १९९२ रोजी तेथे गटारात स्फोटांची मालिका होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. प्रथम संशय घेतला गेला तो खाद्यतेलाच्या एका कारखान्यातील हेक्झेनवर. तपासात मात्र निघाले ते गंजलेल्या नळातून झिरपलेले पेट्रोल. बाष्प जड आहे आणि गटार बंद आहे, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की द्रवाचे नाव काय याला फारसे महत्त्व राहत नाही. तेलाच्या कारखान्याने सांडपाणी बाहेर सोडण्यापूर्वी ते तापवून त्यातील हेक्झेनचा अंश काढून टाकावा आणि मग ते पाण्याने अडविलेल्या हौदातून न्यावे, हा दंडक अशा अनुभवांवर उभा आहे.

ठिणगी कोठून येते? विडी, वेल्डिंग, विजेचे उघडे बटण, ट्रकचा तापलेला सायलेन्सर, कोरडे पडलेले बेअरिंग ही उत्तरे सर्वांना माहीत असतात. सुमारे २२५ अंश तापमानाच्या पृष्ठभागाला नुसता स्पर्श झाला तरी हेक्झेनचे बाष्प ठिणगीवाचून पेटते. न दिसणारी ठिणगी मात्र स्थिर विद्युतेची. हेक्झेन विजेचे अत्यंत मंद वाहक आहे. ते नळातून वेगाने वाहू लागले, गाळणीतून गेले किंवा उंचावरून टाकीत कोसळले, की घर्षणाने त्यात विद्युतभार साठतो आणि तो निघून जाण्यास वेळ लागतो. बाष्प पेटविण्यास लागणारी ऊर्जा साधारण पाव मिलिजूल असते. माणसाला जो झटका जेमतेम जाणवतो त्यातही याहून अधिक ऊर्जा असते. म्हणून टँकर आणि टाकी तारेने परस्परांना व जमिनीला जोडतात. भरणीचा नळ टाकीच्या तळापर्यंत नेतात आणि त्याचे तोंड द्रवात बुडेपर्यंत प्रवाह सेकंदाला एक मीटरपेक्षा अधिक वेगाने जाऊ देत नाहीत. कामगाराने नायलॉनचे कपडे घालू नयेत, प्लॅस्टिकच्या बादलीत हेक्झेन घेऊ नये, हे नियमही याच कारणाने केलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी अर्थिंगची तार असते, पण तिचा चिमटा रंगाच्या थरावर बसविलेला असतो. रंगातून वीज जात नाही, आणि तशी तार असून नसून सारखीच.

या कारखान्यांचा अनुभव असलेले लोक सांगतात की यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा भय कमी असते. भय असते ते चालू करताना, बंद करताना आणि दुरुस्तीच्या वेळी. यामागचे कारण वर आलेच आहे. चालू निष्कर्षकात बाष्प इतके दाट असते की ते पेटण्याच्या कक्षेबाहेर राहते. तो बंद केला, वाफ सोडून धुतला आणि थंड होऊ दिला, की वाफेचे पाणी होऊन आत पोकळी निर्माण होते व बाहेरची हवा ओढली जाते. मग कोणी तरी झाकण उघडून वायुमापक आत धरतो, काटा शून्यावर दिसतो आणि माणसाला उतरण्याची परवानगी मिळते. परंतु तळाशी पेंडीचा थर असतो. त्या थरात हेक्झेन स्पंजातल्या पाण्यासारखे दडून बसलेले असते, आणि फावड्याने थर ढवळताच ते बाहेर येते. आतला माणूस प्रथम चक्रावतो, मग पडतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, आणि बहुधा तोही वर येत नाही. अशा अपघातांत पहिल्याइतकेच बळी वाचवावयास गेलेल्यांचे असतात, आणि ते अधिक हृदयद्रावक वाटतात, कारण त्यांना मरणाकडे नेते ती माणुसकी. यावर उपाय ठरलेले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नळात लोखंडी चकती घालून तो तोडावयाचा, केवळ झडप बंद करून भागवावयाचे नाही. काम चालू असेपर्यंत ताजी हवा आत ढकलत राहावयाची, तपासणी एकदा नव्हे तर पुनःपुन्हा करावयाची, आणि आतल्या माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात द्यावयाचे. हे सारे करण्यास अर्धा दिवस जातो. हंगामात अर्ध्या दिवसाची किंमत मोठी असते, आणि नियम बहुधा तेथेच मोडतो.

आग लागलीच तर पाण्याचा मारा करून उपयोग नाही. हेक्झेन पाण्याहून हलके असल्याने ते पेटलेल्या स्थितीत पाण्यावर तरंगत दूरवर जाते. फेस, कोरडी पूड किंवा कार्बन डायऑक्साइड हीच त्याची साधने. पाणी लागते ते शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी.

आतापर्यंत स्फोटाचा विचार झाला. हेक्झेनचा दुसरा घाव असा आहे की त्याला आवाज नसतो आणि तो वृत्तपत्रात येत नाही. १९६० नंतरच्या दशकात जपानच्या मिकावा भागात घरोघरी प्लॅस्टिकच्या चपला जोडण्याचे काम चाले. चिकटविण्याच्या गोंदात हेक्झेन असे, खोल्या लहान असत आणि थंडीमुळे दारे बंद असत. काम करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांच्या पायांची बोटे प्रथम बधिर झाली, मग हातांची. पुढे पाऊल उचलेना, चहाचा पेला धरवेना. अशा ९३ रुग्णांची नोंद झाली. इटलीतील चामड्याच्या कारागिरांतही हाच विकार आढळला. १९७० नंतरच्या संशोधनाने त्याचे कारण उलगडले. शरीरात शिरलेल्या सरळ साखळीच्या हेक्झेनचे यकृतात २,५-हेक्झेनडायोन नावाच्या संयुगात रूपांतर होते. हे संयुग मज्जातंतूंच्या आतील प्रथिनांना चिकटते, तंतू जागोजागी फुगतात व निकामी होतात. सर्वांत लांब तंतू आधी बळी पडतात, म्हणून आरंभ पावलांपासून होतो. फांद्या फुटलेल्या साखळीच्या भावंडांपासून हे संयुग तसे बनत नाही. बाजारी हेक्झेनमध्ये सरळ साखळीचे प्रमाण किती, ही चौकशी म्हणूनच केली पाहिजे. मिथाइल एथिल कीटोन हा दुसरा विद्रावक स्वतः हा विकार घडवीत नाही. पण हेक्झेनच्या जोडीला असला की विकार बळावतो.

या रोगाची एक विलक्षण गोष्ट अशी की काम सोडल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, तो वाढतच राहतो. कामगाराला वाटते की औषध लागू पडत नाही. मालकाला वाटते की दुखणे कामाचे नाहीच, कारण माणूस तर घरी बसलेला आहे. पुढे बहुतेकांत सुधारणा होते, परंतु तिला महिने आणि वर्षे लागतात, आणि ज्यांचे दुखणे फार पुढे गेलेले असते त्यांच्यात काही ना काही अधूपणा राहून जातो.

हे जुन्या काळचे झाले, असे म्हणण्याची सोय नाही. चीनमधील सुझोऊ येथे २००९ च्या सुमारास मोबाइल फोनच्या काचा पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरले गेले, कारण ते लवकर वाळते. ॲपल कंपनीने २०११ सालच्या आपल्या अहवालात, माल पुरविणाऱ्या त्या कारखान्यातील १३७ कामगारांना याची बाधा झाल्याचे नमूद केले.

या ठिकाणी दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने कामाच्या जागी सरळ साखळीच्या हेक्झेनची शिफारस केलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग अशी आहे. स्फोटाची खालची मर्यादा त्याच मापात ११,००० भरते. कारखान्यातील वायुसूचक यंत्र बहुधा स्फोटाच्या मर्यादेच्या एकपंचमांश पातळीवर, म्हणजे सुमारे २,२०० भागांवर घंटा वाजवील असे लावलेले असते. याचा अर्थ असा की घंटा वाजली नाही तरी हवेत आरोग्याच्या मर्यादेच्या चाळीसपट हेक्झेन असू शकते. नाकावरही विसंबून चालत नाही. वास येऊ लागतो तेव्हा ५० ची मर्यादा बहुधा मागे पडलेली असते, आणि काही वेळाने नाकाला तो वास जाणवेनासा होतो.

गृहिणीच्या मनात येणाऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येईल. शुद्ध केलेल्या तेलात हेक्झेनचा अंश दहा लाखांत पाच भागांहून अधिक नसावा असे आपल्याकडील मानक सांगते. युरोपातील मर्यादा एक भागाची आहे. तेल शुद्ध करताना त्यातून पोकळीत वाफ सोडली जाते आणि तेथे उरलेसुरले हेक्झेन निघून जाते. हेक्झेनचा खरा भार पडतो तो तेल खाणाऱ्यावर नव्हे, तर ते काढणाऱ्यावर.

हेक्झेनला पर्याय शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. फांद्या फुटलेल्या साखळीचे आयसोहेक्झेन वापरून पाहण्यात आले. ते मज्जातंतूंना सोसते, पण पेटते तितकेच. दाबाखालील कार्बन डायऑक्साइड पेटत नाही. मात्र त्याच्या जाड पोलादी यंत्रांचा खर्च सोयाबीनसारख्या स्वस्त मालाला झेपत नाही, म्हणून त्याचा उपयोग कॉफी आणि मसाल्यांच्या अर्कांपुरता राहिला आहे. वनस्पतीजन्य टाकाऊ पदार्थांपासून बनणाऱ्या २-मिथाइलऑक्सोलेन या विद्रावकाला युरोपीय संघाने २०२३ साली खाद्यपदार्थांसाठी मान्यता दिली. त्याचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ११ अंश आहे, आणि बाष्प हवेहून जड. ते वापरणाऱ्या कारखान्यालाही अर्थिंगची तार, नळातली लोखंडी चकती आणि कमरेचा दोर ठेवावाच लागेल.